लक्षणं नव्हती, मग माझ्यामुळे झाला का?

कोविडची साथ ओसरून इतकी वर्षं झाली, तरी एक प्रश्न घेऊन माणसं अजून माझ्याकडे समुपदेशनाला येतात. "मला तर काहीच होत नव्हतं. मग माझ्यामुळे घरात आला का? मला कळायला हवं होतं का?" नातेवाइकांनी त्यांना "छे, तुझ्यामुळे कसा येईल!" हे शंभरदा ऐकवलेलं असतं आणि त्याचा काडीचा उपयोग झालेला नसतो.

गोव्यातल्या साखळी गावाकडचं एक कुटुंब आठवतं. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगते. नवरा कुंडईला एका कारखान्यात सुपरवायझर. २०२० चा ऑगस्ट, गणपतीची चवथ तोंडावर आलेली. शिफ्टमधला एक कामगार पॉझिटिव्ह निघाला म्हणून सगळ्यांचे स्वॅब घेतले. याला ना ताप, ना खोकला. तोंडाला चवही होती. रिपोर्ट आला पॉझिटिव्ह. त्याच संध्याकाळी तो मागच्या खोलीत राहायला गेला, ताट दाराबाहेर ठेवायला सांगितलं. पण स्वॅब दिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे रिपोर्टच्या आधी, आईला कसकस वाटू लागली होती. वय बहात्तर, त्यात मधुमेह. महिना सरायच्या आत त्या गेल्या.

त्याला माझ्याकडे घेऊन आली ती बायको, आणि तिची तक्रार वेगळीच होती. देव्हाऱ्याखालच्या खणात उदबत्तीच्या पुड्यांशेजारी घरगुती तपासणीची किट रचून ठेवलेली. पेडण्याला बहिणीकडे जायचं, तिच्या सासूबाई थकलेल्या, म्हणून निघण्याआधी नाकात काडी. पंधरा मिनिटं घड्याळावर डोळे. एकच रेघ, म्हणजे निगेटिव्ह, आली की शर्ट चढवायचा. मग बाईकला किल्ली लावता लावता, "थेंब नीट पडले होते ना?" की परत घरात, नवीन पाकीट. "मॅडम, भाच्याच्या वाढदिवसाला पोचलो तोवर लोक जेवून उठले होते," त्याची बायको, म्हणजे वहिनी, म्हणाल्या. हसत सांगितलं, पण रडकुंडीला आल्या होत्या.

पाकिटात घालून जपलेला जुना रिपोर्ट त्याने टेबलावर ठेवला. सीटी व्हॅल्यू ३३. हा आकडा त्याने इतका वाचला होता की घडीवर कागद फाटायला आला होता. दिवसा तो स्वतःला समजावायचा, आकडा मोठा म्हणजे विषाणू कमी, मी पसरवला नसणार. रात्री तोच आकडा उलटा वाचायचा. खरं म्हणजे नमुन्यातला विषाणूचा अंश सापडेपर्यंत यंत्राला किती फेऱ्या कराव्या लागल्या, एवढंच तो सांगतो. ३३ हा संसर्ग नुकता सुरू होतानाही येतो आणि सरत आल्यावरही. बरा झालेला माणूससुद्धा विषाणूच्या उरल्यासुरल्या तुकड्यांमुळे काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. एका रिपोर्टवरून माणूस चढणीवर होता की उतारावर, हे कुणालाच सांगता येत नाही.

मी त्याला "तुझ्यामुळे नाही" असं म्हटलं नाही. मला ते ठाऊक नव्हतं, आणि खोटा दिलासा अशा माणसाला लगेच कळतो. त्याऐवजी आम्ही कागदावर तारखा मांडल्या. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला तेव्हाच्या विषाणूला सरासरी पाच दिवस लागत, कधी दोन, कधी चौदाही. लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला संसर्ग देऊ शकतो. म्हणजे त्याच्याकडून आईला हे शक्य. आईकडून त्याला हेही शक्य. त्या आठवड्यात आई गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या माटोळीचं सामान बघायला शेजारणीबरोबर बाजारात गेली होती, हे वहिनींना तिथेच आठवलं. दोघांना तिसऱ्याकडून, हेही शक्य. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे कधीच कळणार नाही?" नाही, म्हटलं.

हे उत्तर कडू आहे, पण माझ्या अनुभवात "तुझा दोष नाही" या गोळीपेक्षा जास्त टिकतं.

मग दुसरा भाग: कळायला हवं होतं का? गोव्यात कितीतरी घरांतला कुणी ना कुणी जहाजावर असतो, त्याचा चुलतभाऊही होता, म्हणून मी डायमंड प्रिन्सेसचं उदाहरण दिलं. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या किनाऱ्याला अडकलेल्या त्या बोटीवर ३,७११ माणसं होती. ७१२ जणांना लागण झाली आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना तपासणीच्या वेळी कसलंच लक्षण नव्हतं. काहींना ती नंतर आली, काहींना आलीच नाहीत. डॉक्टरांनासुद्धा ही माणसं चाचणी केल्यावरच कळली. हा बाबा चाचणीच्या आधी, जेवणाच्या टेबलावर, ते कसं ओळखणार होता? कळलं त्या संध्याकाळी तो वेगळा झाला. मी त्याला कागदावर एवढंच लिहायला लावलं: त्या दिवशी मला काय माहीत होतं. दोन ओळी झाल्या, पुढे लिहायला काही उरेना. तिथे तो रडला.

किटचं काम त्यानंतर, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त चिवट. घरगुती अँटिजेन चाचणी विषाणू भरपूर असेल तेव्हा पकडते. लक्षणं नसलेल्यांत ती बऱ्याचदा हुकते. एक रेघ म्हणजे निर्दोषपणाचा दाखला नव्हे, आणि तो मागत होता नेमका तोच. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनेही जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं होतं की लक्षणं नसलेल्यांनी सरसकट तपासणी करायची गरज नाही. आम्ही नियम ठरवला: ताप, सर्दी, खोकला असेल किंवा बाधिताशी जवळून संपर्क आला असेल तरच काडी. नाहीतर तसंच निघायचं, मनात धडधड असली तरी. पहिल्या रविवारी तो म्हापशापर्यंत जाऊन परत आला. दुसऱ्या खेपेला बहिणीच्या घरी पोचला, पण आत न जाता पडवीतच बसला. मी वहिनींना सांगितलं, बसू दे.

मध्यंतरी त्याचा फोन आला. बहिणीकडे कार्य होतं आणि याला दोन दिवस सर्दी. टेस्ट करू का? कर, म्हटलं, नियमात बसतं. निगेटिव्ह आली. तरी तो गेला नाही. नाक वाहतंय आणि घरात म्हातारी बाई आहे म्हणाला. मागून वहिनींचा आवाज, "बघा मॅडम, पुन्हा सुरू झालं यांचं!" मी वहिनींना फोनवर घेतलं आणि सांगितलं की हे पूर्वीचं नाही. पूर्वी तो धडधाकट असताना घाबरून अडायचा. आज सर्दी आहे म्हणून थांबलाय, आणि दुसरं पाकीट फोडलेलं नाही. त्यांनी खण उघडून मोजून पाहिली. खरंच एकच कमी होतं.