तार एकच, विक्रेते दोन : विजेच्या बाजाराविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : मोबाइलचा नंबर तोच ठेवून आम्ही कंपनी बदलू शकतो. विजेच्या बाबतीत सरकार हे का होऊ देत नाही? (एक वाचक, अंधेरी)

उत्तर : हा प्रयोग आपल्या उपनगरातच झालेला आहे. तेव्हा रिलायन्सकडे असलेल्या भागातही टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांना वीज विकता येईल, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2008 मध्ये दिला. परंतु प्रत्येक गल्ली पुन्हा खणून पहिल्या केबलशेजारी दुसरी टाकणे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ऑक्टोबर 2009 मध्ये असा मार्ग काढला, की तार रिलायन्सचीच राहावी, वीज टाटाची घ्यावी आणि तारेच्या वापराचे भाडे ग्राहकाने भरावे. बिलावर ‘वीज आकारा’बरोबर जो ‘वहन आकार’ दिसतो, तो म्हणजे हे भाडे.

स्पर्धा आली ती अशी विक्रीत, तारेत नव्हे. तारेचे भाडे बाजारावर सोडता येत नाही, कारण घासाघीस करायला शेजारी दुसरे दुकानच नसते. तेथे आयोग हवाच, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

विक्रीतली अडचण निराळी आहे. शंभर युनिटांच्या आत वापर असलेले घर सरासरी खर्चाहून कमी दर देते आणि ती तूट जास्त वापरणारी घरे, दुकाने व कारखाने भरून काढतात. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. जास्त दर भरणारे ग्राहक नव्या विक्रेत्याकडे गेले, की ही तूट जुन्याकडे राहिलेल्यांच्या माथी येते. म्हणून 2011 मध्ये कंपनी बदललेल्या ग्राहकांवर आयोगाने अधिभार बसवला आणि कंपनी बदलण्यातला फायदा बराच आटला. ग्राहकाला ही अडवणूक वाटली तर त्याचे चूक नाही. मात्र अधिभार नको असेल, तर अनुदानाचे पैसे राज्य सरकारने अंदाजपत्रकातून, आगाऊ आणि उघडपणे द्यावेत. विद्युत कायदा 2003 च्या कलम 65 मध्ये तशी तरतूद आहेच. बिलात मुरलेले अनुदान मात्र कोणत्याही पक्षाच्या सरकारला अधिक सोयीचे असते.

प्रश्न : खासगी कंपन्यांना मोकळे सोडले की काय होते, हे आम्ही दाभोळला पाहिले. मग पुन्हा तोच आग्रह कशासाठी? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : दाभोळमध्ये खासगी कंपनी होती, पण बाजार नव्हता. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या तेथील वीजप्रकल्पाचा 1993 चा करार खुल्या निविदेतून आलेला नव्हता. वीज उचलली नाही तरी तत्कालीन वीज मंडळाने स्थिर खर्च भरायचा आणि देणे डॉलरशी बांधलेले, म्हणजे मागणी घटली किंवा रुपया घसरला तरी भुर्दंड मंडळालाच. 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला आणि मे 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला. राज्याचा नियामक आयोगही 1999 मध्येच अस्तित्वात आला. करार झाला तेव्हा तो नव्हता. वीजनिर्मितीत अनेक जण उतरू शकतात, म्हणून तेथे निविदा मागवून स्पर्धा लावावी. एकाच कंपनीशी बंद दाराआड वाटाघाटी करणे हे बाजाराचे लक्षण नव्हे.

प्रश्न : वीज एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या घाऊक बाजारात, विजेचे दर तासागणिक बदलतात. घरांनाही तोच दर का लावू नये? (एक वाचक, पुणे)

उत्तर : फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात कडाक्याच्या थंडीत वीजकेंद्रे आणि गॅसपुरवठा कोलमडला आणि घाऊक दर युनिटला 9 डॉलरवर गेला. घाऊक दराशी बांधलेली योजना घेतलेल्या काही घरांना त्यामुळे हजारो डॉलरची बिले आली. थंडीत हीटर बंद ठेवणे शक्य नसते. आपल्याकडेही एप्रिल 2022 च्या टंचाईत केंद्रीय विद्युत नियामक आयोगाला एक्स्चेंजवर युनिटला 12 रुपयांची मर्यादा घालावी लागली होती.

प्रश्न : आयोगाच्या जनसुनावणीला जाऊन काही उपयोग होतो का? (एक यंत्रमागधारक, इचलकरंजी)

उत्तर : ‘दरवाढ करू नका’ एवढेच लिहिलेत, तर फारसा नाही. दरवाढीचा अर्ज प्रसिद्ध करणे आणि लोकांच्या हरकती विचारात घेणे कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा अर्जातील आकड्यांवर बोट ठेवावे. उदाहरणार्थ, मीटर नसलेल्या कृषिपंपांचा वापर मोजला जात नाही, तो अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जातो. हा अंदाज फुगवला, की वाटेत गळालेली किंवा चोरीला गेलेली वीज शेतकऱ्याच्या नावावर चढते आणि वितरणाची गळती कागदावर कमी दिसते. आपल्या भागातील कृषी फीडरवर, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीवर, किती युनिट सोडले आणि त्यांपैकी किती मीटरवर मोजले गेले, हे लेखी विचारावे.

बिलाची वैयक्तिक तक्रार मात्र सुनावणीत मांडू नये. ती आधी कंपनीच्या कार्यालयात, मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तेथेही समाधान न झाल्यास मुंबई किंवा नागपूर येथील विद्युत लोकपालांकडे न्यावी. मंचाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, म्हणून जुनी बिले जपून ठेवावीत.