पाण्याखाली कंपास बघूनच पोहतो, तरी बोट सापडत नाही. कंपास बिघडलाय का?

ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स) झालंय, तारकर्लीला डाईव्ह करता, आणि परतताना दरवेळी बोट चुकते, असं तुम्ही लिहिलंय. कंपास बिघडण्याची शक्यता फार कमी. तुमचं तोंड कुठल्या दिशेला आहे एवढंच तो सांगतो. प्रवाह तुम्हाला आडवा नेत असला तरी काटा तसूभर हलत नाही.

आकडेच बघा. दिशा १० अंशांनी चुकली, तर १०० मीटर पोहल्यावर तुम्ही साधारण १७ मीटर बाजूला असता. आपल्याकडे पाणी गढूळ असलं की पाच मीटरपलीकडचं दिसत नाही, म्हणजे बोट गेलीच. अर्ध्या नॉटचा (तासाला अर्धा सागरी मैल) आडवा प्रवाह मिनिटाला १५ मीटर सरकवतो, तो वेगळाच.

आधी हात सुधारा. कंपास डाव्या मनगटावर असेल तर उजवा हात समोर ताठ करा आणि डाव्या हाताने उजव्याचं कोपर धरा. कंपास बरोबर डोळ्यांसमोर येतो. त्याची मधली रेघ तुमच्या नाक-बेंबीच्या रेषेत हवी. बहुतेकांची ती तिरकी असते आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. कंपास आडवा, सपाट धरा. कलला की काटा अडकतो आणि तरीही दिशा दाखवल्यासारखा दिसतो. काट्याकडे टक लावून पोहू नका. त्या दिशेतला एखादा खडक हेरा, तिथवर जा, पुन्हा बघा. खोली वाढत नाही ना, तेही तेवढ्यात बघून होतं.

जायची दिशा पाण्यात उतरण्याआधी, बोटीवरूनच ठरवा. पण इंजिनापासून लांब उभं राहून. लोखंडाजवळ काटा भरकटतो, बुडालेल्या जहाजाजवळही. कंपासच्या फिरणाऱ्या कडेवरची खूण काट्यावर आणून ठेवा. परतताना १८० मिळवा-वजा करत बसायची गरज नाही: ती कड न हलवता काटा खुणेच्या बरोबर विरुद्ध टोकाला येईपर्यंत स्वतः वळा.

प्रवाह असेल तर सुरुवात त्याच्या विरुद्ध करा. आणि रीफच्या (पाण्याखालच्या खडकांच्या रांगेच्या) कडेला नांगरलेल्या बोटीवर थेट नेम धरू नका, मुद्दाम प्रवाहाच्या वरच्या बाजूला धरा. रीफची कड लागली की बोट कुठल्या हाताला आहे याची शंका उरत नाही, आणि जायचंही प्रवाहासोबत. नेम थेट धरलात आणि बोट दिसली नाही, तर डावीकडे वळावं की उजवीकडे, यावर तुम्ही आणि बडी (सोबतचा डायव्हर) हातवारे करत हवा संपवता. तरीही नाहीच सापडली, तर तळाशी शोधत राहू नका. दोघं मिळून सावकाश वर या आणि बोट बघा.

सराव मैदानावर होतो. डोक्यावरून टॉवेल घ्या, फक्त कंपास दिसू द्या आणि दर ३० पावलांनी ९० अंश वळत चौकोन चाला. लोक बघतील, बघू दे. फ्लॅटमध्ये मात्र करू नका, स्लॅबमधल्या सळ्या काटा ओढतात.

नवा कंपास घेणार असाल तर ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांकडून मागवू नका. दक्षिण गोलार्धासाठी तोललेला काटा इथे कलतो आणि घासतो. दोन्हीकडे चालणारे मिळतात, पण खोक्यावर तसं लिहिलेलं हवं.