अनोख्या रंगाच्या गुलाबांना शेजार कोणाचा?

ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आली की गुलाबाची पत्रं वाढतात. यंदा त्यांतली बरीचशी निळसर, तपकिरी, काळपट, हिरव्या अशा वेगळ्या रंगांच्या गुलाबांबद्दल आहेत. त्यांतल्या काहींची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : 'ब्लू मून'ची तीन झाडं वाफ्यात आहेत. पुढे केशरी झेंडू आणि लाल साल्विया लावला. फुलं आली तेव्हा गुलाब अगदी मळकट दिसायला लागला. दोष रोपात आहे की जोडीत? — वाचक, पुणे

उत्तर : जोडीत. जर्मनीच्या टांटाऊंनी 1964 साली काढलेली ही जात 'निळी' म्हणून विकली जात असली, तरी तिचा खरा रंग राखाडी झाक असलेला फिका जांभळा आहे. शेजारी चोख लाल किंवा केशरी आला की त्याच्यापुढे या रंगातला जांभळेपणा दिसेनासा होतो आणि करडेपणा तेवढा उरतो. 'पॅरडाइज'सारख्या जांभळ्या-लाल काठाच्या जातींना हा त्रास थोडा कमी, पण त्यांनाही झेंडू मानवत नाही.

या गुलाबाला तीन प्रकारचे शेजारी शोभतात : रुपेरी पानांचे, पांढऱ्या बारीक फुलांचे आणि त्याच्यापेक्षा गडद निळ्या-जांभळ्या फुलांचे. रुपेरी पानं सर्वांत महत्त्वाची, कारण राखाडीशेजारी राखाडी आलं की गुलाबातला जांभळा वर येतो. रोपवाटिकेत 'डस्टी मिलर' म्हणून मिळतं ते रोप घ्या. बियांपासून ते फार सावकाश वाढतं, तेव्हा ऑक्टोबरात तयार रोपंच आणावीत आणि 8 ते 10 इंचांवर लावावीत. पावसाळ्यात ते हमखास कुजतं. त्याला हंगामी रोप समजा आणि जूनमध्ये काढून टाका.

दुसरा उपाय आपल्या मातीतलाच आहे, पण बागेत फारसा कोणी लावत नाही : दवणा. चैत्रात जोतिबाला वाहतात तोच. त्याची चिरलेली, लव असलेली करडी-हिरवी पानं या गुलाबाच्या पुढच्या ओळीत फार छान दिसतात आणि वासही आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी वाळूत मिसळून पसरा, वर मातीचा अगदी पातळ थर द्या आणि पाणी झारीनेच घाला. रोपं तीन-चार इंचांची झाली की वाफ्यात हलवा. पिवळ्या बारीक कळ्या दिसू लागल्या की शेंडे खुडा, नाहीतर झाड लांबट होऊन मधून उघडं पडतं. मात्र दवणा डिसेंबरच्या पहिल्या बहराला पुरा भरलेला नसतो. तो जानेवारी-फेब्रुवारीचा सोबती.

आता वेळेचं गणित. 10 ते 20 ऑक्टोबरच्या दरम्यान छाटणी केली, तर साधारण 45 ते 50 दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फुलं येतात. पांढरं अॅलिसम पेरल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत फुलतं, ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरलं तरी चालतं. निळ्या साल्वियाला मात्र तीन महिने लागतात. त्याचं बी ऑगस्टअखेर आडोशाला पेरलेलं नसेल, तर छाटणीनंतर रोपं विकत आणण्यावाचून इलाज नाही. जोडी फसते त्यातल्या बऱ्याच वेळा रंग बरोबर निवडलेला असतो. गुलाब फुलतो तेव्हा शेजारी कळीतसुद्धा आलेला नसतो.

अंतर : गुलाबांमध्ये आपसांत अडीच फूट आणि खोडापासून पहिल्या सोबतीपर्यंत किमान एक फूट. डोळा भरलेला सांधा, म्हणजे खोडावर कलम जोडलेली जागा, उघडा आणि हवेशीर राहिला पाहिजे. बुडाशी गच्च झाडोरा झाला की पानं ओली राहतात, आणि पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला तेवढं पुरतं.

प्रश्न : इंग्रजी बागांच्या चित्रांत गुलाबाखाली लॅव्हेंडर असतं. इथे दोनदा लावलं, दोन्ही वेळा पावसाळ्यात गेलं. — वाचक, कोल्हापूर

उत्तर : जाणारच. लॅव्हेंडर भूमध्य समुद्राकाठचं झाड. त्याला उन्हाळा कोरडा आणि मुळं निचऱ्याची लागतात. आपल्याकडे नेमका उलटा हंगाम. शिवाय गुलाबाला देतो तेवढं पाणी त्याला हिवाळ्यातही जास्तच होतं. त्या चित्रासारखा परिणाम हवा असेल, तर निळा साल्विया आणि त्याच्या पायाशी दवणा लावा. उन्हाळ्यात साल्विया दमला की जांभळा किंवा पांढरा अँजेलोनिया लावा, तो एप्रिल-मेच्या उन्हात टिकतो.

प्रश्न : 'हॉट कोको' डिसेंबरात चॉकलेटी-धुरकट होता, एप्रिलमध्ये सरळ विटकरी झाला. खत कमी पडलं का? शेजारी काय लावावं? — वाचक, सांगली

उत्तर : खताचा संबंध नाही. तपकिरी दिसणाऱ्या गुलाबात वेगळं तपकिरी रंगद्रव्य नसतं. नारिंगी-पिवळ्यावर लाल-जांभळ्याचा थर चढून तो रंग दिसतो. थंडीत हा वरचा थर गडद भरतो, उष्णतेत विरळ होतो आणि खालचा नारिंगी उघडा पडतो. टॉम कॅरथ यांनी काढलेल्या या जातीत हा फरक ठळक असतो. खत वाढवलंत तर पानं वाढतील, रंग परतणार नाही.

त्यामुळे शेजारी असा निवडा, की तो गुलाबाच्या दोन्ही रूपांशी जमेल. फिका निळा हे त्याचं उत्तर. अॅजेरेटम हिवाळ्यात, आणि बारमाही हवं असेल तर इव्हॉल्व्ह्युलस, म्हणजे आपल्या रानातल्या विष्णुक्रांतेचाच बागेतला भाऊबंद. तो फूटभरापलीकडे वाढत नाही आणि त्याची मुळं गुलाबाला जाचत नाहीत. एवढंच, की त्याची फुलं दुपारनंतर मिटतात. संध्याकाळी बागेत बसणाऱ्यांचा तो विरस करतो. मागच्या ओळीला कृष्ण तुळस लावा. तिची जांभळट-काळी पानं तपकिरी रंगाला आधार देतात. मंजिऱ्या खुडत राहा म्हणजे ती दोन फुटांत राहते. पण गुलाबावर आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, कीटकनाशक फवारत असाल, तर त्या पट्ट्यातली तुळस काढ्यात किंवा तीर्थात वापरू नका. हाच नियम कोथिंबीर-पुदिन्याला. पुदिना तर फवारणी नसली तरी नको, तो वाफा गिळतो.

प्रश्न : हिरवा गुलाब आहे. फुललाय हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही! — वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : त्या फुलात पाकळ्याच नाहीत, पाकळ्यांच्या जागी हिरवी निदलंच येतात. चिनी गुलाबाचा हा प्रकार एकोणिसाव्या शतकापासून बागांमध्ये आहे. त्याला मागे गडद आणि बाजूला उबदार रंग द्या. तुमच्याकडे अबोली आहेच. तिचा केशरी-गुलाबी रंग हिरव्या गुलाबाला जितका उठाव देतो, तितका दुसरा कुठलाच देत नाही. जुन्या झालेल्या हिरव्या फुलांवर तांबूस झाक येते, तीही अबोलीशी जुळते. अबोलीला दुपारची सावली आवडते, म्हणून ती गुलाबाच्या पूर्वेला लावा. रोप घेताना कुंडीतून काढून मुळं पाहा. गाठी असतील तर परत करा. या गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अतिसूक्ष्म कृमी, अबोलीवर चटकन येतात आणि मग गुलाबाकडेही जातात. मागच्या बाजूला लाल पानांची अल्टरनँथेरा, महिन्यातून एकदा कातरलेली. जांभ्या मातीत आणि तुमच्याकडच्या पावसात वाफा जमिनीपेक्षा नऊ इंच तरी उंच हवा. हिरवा गुलाब जोरात छाटू नका, वरचा एक तृतीयांश भाग पुरे.

प्रश्न : 'ब्लॅक बकारा' आणि 'ओक्लाहोमा' अशा गडद गुलाबांच्या पाकळ्यांच्या कडा मार्चपासून करपतात. कीड लागू नये म्हणून मध्ये झेंडू, लसूण आणि दोन मिरचीची रोपं लावली आहेत. — वाचक, नाशिक

उत्तर : करपणं किडीमुळे नाही. गडद पाकळी ऊन जास्त शोषते, तापते आणि कडेपासून वाळते. मार्च ते मे दुपारी दोननंतर सावली येईल अशी सोय करा, 35 टक्के सावली देणारी हिरवी जाळीही चालेल. गडद गुलाब उघड्या काळ्या मातीपुढे दिसतही नाहीत. तेव्हा खाली भाताच्या पेंढ्याचं दोन इंच आच्छादन द्या, खोडाभोवती चार इंच मोकळं सोडून. मातीही गार राहते, फूलही दिसतं. सोबतीला पोपटी पानांचा कोलियस, पांढरं अॅलिसम किंवा फिकट लिंबू रंगाचं काहीही. गडद लाल डेलिया किंवा जांभळी पानं शेजारी आली की फुलं विझल्यासारखी वाटतात.

आता तुमचे तीन राखणदार. मिरची आधी हलवा, आजच. मिरचीवर पानं वाकडी करणारे जे फुलकिडे येतात तेच गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर येतात. म्हणजे तुम्ही किडीला घरच बांधून दिलंत. लसणावर फुलकिड्यांची दुसरी जात असते. लसणामुळे गुलाबाची कीड जाते असं मानून फवारणी थांबवणं हा धोका आहे. शोभा म्हणून ठेवायचा तर ठेवा.

झेंडूचं गुणगान अर्धं खरं आहे. बुटका फ्रेंच झेंडू मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना आवरतो, पण त्यासाठी गुलाब लावण्याआधी दोन-तीन महिने अख्खा वाफा झेंडूने दाट भरून, नंतर झाडं तिथेच गाडावी लागतात. कडेला चार रोपं लावून मातीतल्या सूत्रकृमींवर परिणाम होत नाही. उलट कोरड्या उन्हाळ्यात झेंडूवर लाल कोळी जोरात वाढतो आणि झेंडू सुकला की गुलाबावर उतरतो. पानाच्या मागे बारीक जाळं आणि वरून पिवळे टाचणीएवढे ठिपके दिसले, तर सकाळी लवकर पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने, दर तीन दिवसांनी. नाही आवरलं तर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम. दुपारचं तापमान 32 अंशांच्या वर जात असेल तर गंधक वापरू नका, पानं भाजतात. फेब्रुवारीअखेर झेंडू उपटून टाकणं सगळ्यांत सोपं.

प्रश्न : गच्चीवर 12 इंची कुंड्यांत जांभळे गुलाब आहेत. त्याच कुंडीत सोबती लावता येईल का? आणि ऑनलाइन मिळणारं गडद निळ्या गुलाबाचं बी खरं असतं का? — वाचक, ठाणे

उत्तर : 12 इंचीत नाही. तेवढी माती एका गुलाबालाच जेमतेम पुरते. उन्हाळ्यात दोन झाडं एका कुंडीत म्हणजे दुपारपर्यंत दोन्ही माना टाकणार. 16 इंची कुंडी असेल तर काठाने अॅलिसमची तीन रोपं चालतील. नाहीतर सोबती 8 इंची कुंडीत लावून गुलाबाच्या कुंडीला चिकटून ठेवा. यात एक सोय अशी, की डस्टी मिलरला आठवड्यातून दोनदा आणि गुलाबाला रोज असं वेगळं पाणी देता येतं, आणि जोडी शोभली नाही तर कुंडी उचलून दुसरीकडे ठेवता येते.

बी घेऊ नका. खरा निळा रंग देणारं डेल्फिनिडिन हे द्रव्य बनवण्याचं विकरच (एन्झाइम) गुलाबात नाही. जपानच्या सन्टोरी कंपनीने ते जनुक दुसऱ्या फुलातून घालून केलेला गुलाब 2009 मध्ये बाजारात आणला. तोही जांभळटच आहे. चमचमती निळी फुलं दुकानात दिसतात ती पांढऱ्या गुलाबाला रंग पाजून केलेली. मातीत तुरटी किंवा लोखंडी खिळे घालूनही काही होत नाही. मातीच्या आम्लतेने रंग बदलतो तो हायड्रेंजियाचा.

प्रश्न : कॅलिफोर्नियात 'कोको लोको' लावलाय. कॅटमिंट सगळे सुचवतात, पण त्याने गुलाब झाकून टाकला. — वाचक, सॅन होजे

उत्तर : बहुधा 'वॉकर्स लो' ही जात असेल. नावात 'लो' असलं तरी ती दोन-अडीच फूट वाढते आणि आडवी पडते. ती दोन फूट दूर न्या. पहिला बहर ओसरताच निम्म्याने कापा, चार-सहा आठवड्यांत पुन्हा फुलते. तुमच्याकडे उन्हाळा कोरडा, तेव्हा आम्ही वर नाकारलेलं लॅव्हेंडर तिथे खुशाल लावा, फक्त त्याचं ठिबक गुलाबापासून वेगळं ठेवा. 'कोको लोको' दुधाळ चहाच्या रंगाने उमलून फिक्या जांभळ्यावर जातो. दोन्ही रंग एकाच झाडावर असतात, म्हणून तिसरा भडक रंग नको. गडद जांभळ्या पानांची ह्यूकेरा सकाळच्या उन्हाच्या बाजूला छान जमेल.

प्रश्न : पट्ट्यापट्ट्यांच्या गुलाबाला एका फांदीवर नुसती एकरंगी लाल फुलं येतात. — वाचक, सातारा

उत्तर : आधी फांदी कुठून निघाली ते पाहा. सांध्याच्या खालून असेल तर तो जंगली फुटवा. माती बाजूला सारून मुळापासून ओढून काढा, कापलात तर दुप्पट येईल. सांध्याच्या वरून असेल तर जात मूळ रंगावर परतते आहे. ती फांदी जिथून फुटली तिथपर्यंत कापा, कारण एकरंगी फांदी बहुधा जोमदार असते आणि दोन-तीन हंगामांत सगळं झाड बळकावते. आणि पट्टेरी गुलाबाशेजारी दुरंगी पेटुनिया नको. पट्ट्यातला फिका रंग धरून त्याच रंगाचं एकच फूल लावा.