तुमचे प्रश्न : दिराच्या गोळ्या बंद करायला सांगतायत

प्रश्न : सलाम पाळकसाहेब. माझे धाकटे दीर चोवीस वर्षांचे, दिवाळीपासून रात्र रात्र झोपत नाहीत, कोणीतरी नावाने हाका मारतंय म्हणतात, जेवणात काहीतरी कालवलंय म्हणून ताट सारतात. मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी जरा झोप लागायला लागलीय. पण प्रार्थना ग्रुपमधले एक ब्रदर म्हणतात हा दुरात्मा आहे, पणजोबांच्या वेळचा शाप आहे, गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. तीन दिवस उपास ठेवून डिलिव्हरन्स, म्हणजे प्रार्थनेने भूत काढणं, करू, वेळ पडली तर बांधू म्हणाले. सासूबाई तयार आहेत. मी बोलले तर मीच अविश्वासू ठरते. — एक बहीण, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ताई, कामाचं आधी. गोळ्या बंद करू देऊ नका आणि बांधू तर अजिबात देऊ नका.

आता ब्रदरांचं. सैतान आहे, दुरात्मे आहेत हे मी पण मानतो, भुतं काढल्याचे प्रसंग वगळले तर मार्कचं शुभवर्तमान निम्मं खिळखिळं होईल. पण मत्तय 4:24 काढून बघा, येशूकडे लोकांना आणलं त्यात भूतग्रस्त वेगळे, फेपरेकरी, म्हणजे फिट येणारे, वेगळे, पक्षघाती वेगळे लिहिलेत. म्हणजे त्या काळच्या माणसाला पण सगळंच भुताचं वाटत नव्हतं. ब्रदर लगेच मत्तय 17 दाखवतील, विस्तवात-पाण्यात पडणारा फेपरेकरी पोरगा आणि येशू भुताला धमकावतो. बरोबर आहे, आहे तसं. पण तिथे नेमकं काय झालंय हे येशूला कळलं, शिष्यांनी आधी प्रयत्न केला तर त्यांना जमलं नाही, मग आपल्या ब्रदरांना एका सभेत एवढी खात्री कुठून आली?

आणि बांधायचंच म्हणाल तर मार्क 5 सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. कबरांत राहणाऱ्या त्या माणसाला बेड्या नि साखळ्या गावकऱ्यांनी घातल्या होत्या, येशूने नाही. येशूने त्याला नाव विचारलं. नंतर तो कपडे घालून शुद्धीवर बसलेला दिसतो आणि येशू त्याला घरी, त्याच्या माणसांत पाठवतो. पणजोबांच्या शापाला उत्तर यहेज्केल 18:20 मध्ये आहे, मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही.

उपासाबद्दल एक जर्मनीतली केस सांगतो, सासूबाईंना पण सांगा. बव्हेरियातली आनेलीझ मिशेल, कॅथलिक घरातली मुलगी, फेपऱ्याचं निदान झालेलं. बिशपची परवानगी घेऊन दोन फादरांनी भूत काढायचे 67 विधी केले, तिने खाणं सोडलं, 1 जुलै 1976 ला 23 वर्षांची असताना उपासमारीने गेली तेव्हा वजन 30 किलोच्या आसपास होतं. 1978 मध्ये आईवडील आणि दोन्ही फादर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरले. यातला कोणी वाईट माणूस नव्हता हो, सगळे प्रार्थनाच करत होते. आज कॅथलिक चर्चमध्ये आधी आजार नाही ना याची खात्री करून घ्यायला सांगतात, शिवाय बिशपच्या परवानगीशिवाय हा विधी करता येत नाही. आपल्याकडे कोणी पण मायक्रोफोन घेतो नि सुरू होतो, हे मला पाळक म्हणून खटकतं.

महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा पण आहे. भूत उतरवायच्या नावाखाली दोरीने-साखळीने बांधून मारहाण केली, मिरचीची धुरी दिली तर 6 महिने ते 7 वर्षं शिक्षा आणि दंड. घरातल्या किंवा चर्चमधल्या साध्या प्रार्थनेला कायद्याची काही हरकत नाही.

मग प्रार्थना करायचीच नाही का? करायची की, रोज करा, पण दिरांना विचारून, आवाज न चढवता, आणि प्रार्थना झाली की गोळी नि पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात द्या. इफिस 6 मधली शस्त्रसामग्री सगळ्यांना पाठ असते, सत्य, नीतिमत्त्व, शांतीची सुवार्ता, विश्वास, तारण, देवाचं वचन, त्यात केस ओढणं आणि कानात किंचाळणं कुठे आहे ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही. आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही असं तिथेच लिहिलंय, आणि तुमचे दीर रक्तमांसाचेच आहेत ना.

तुम्ही एकट्या सासूबाईंशी वाद घालू नका, तुमच्या मंडळीच्या पाळकांना घरी बोलवा, नवऱ्याला सोबत बसवा. रात्री-अपरात्री काही झालं तर मानसिक आजारासाठीच्या टेली मानस हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रश्न : बाप्तिस्मा झालेल्याला भूत लागतं का? — एक तरुण, पुणे

उत्तर : यावर मंडळ्यांचं एकमत नाही. असेंब्लीज ऑफ गॉडसारखी पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यावर भर देणारी, मंडळी पण ठामपणे ‘नाही लागत’ म्हणते, पवित्र आत्मा आणि दुरात्मा एका घरात राहत नाहीत असं त्यांचं म्हणणं, मोह आणि त्रास मात्र होऊ शकतो. मला हे पटतं. याकोब 4:7 वाच, पण पूर्ण वाच, ‘सैतानाला अडवा’च्या आधी ‘देवाच्या अधीन व्हा’ आहे, ते लोक गाळतात.