नाशिकचा पिनकोड 422001 ही मूळ संख्या आहे का? तिच्यात काही खास आहे का?

नाही, 422001 मूळ संख्या नाही. पण ती हर्षद संख्या आहे, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने तिला भाग जातो. अंकांची बेरीज 4+2+2+0+0+1 = 9, म्हणजे 9 ने नि:शेष भाग जाणारच: 422001 = 9 × 46889. यातली 46889 मात्र मूळ आहे. त्यासाठी 211 पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरतं, कारण तिचं वर्गमूळ 217 च्या आतच आहे. कंटाळवाणं काम आहे, पण एकानेही भाग जात नाही.

हर्षद हे नाव नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर यांनी दिलं, त्यामुळे नाशिकच्या पिनकोडला ते शोभतंच. त्यांच्याच ‘देवळाली संख्या’ म्हणजे कोणत्याही संख्येत तिचेच अंक मिळवून ज्या तयार होत नाहीत अशा. त्या कसोटीला 422001 उतरत नाही: 421974 च्या अंकांची बेरीज 27, आणि 421974 + 27 = 422001. गंमत म्हणजे देवळाली कॅम्पचा 422401 सुद्धा देवळाली संख्या नाही (422381 + 20), आणि त्याच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे 13 ने, भाग जात नाही म्हणून हर्षदही नाही.

फक्त हर्षद असण्याचं फार कौतुक करू नका. अंकांची बेरीज 9 आली की संख्या आपोआप हर्षद होते. शिवाय हा गुण दशमान पद्धतीत लिहिण्यावर अवलंबून आहे. मूळ असणं-नसणं तसं नाही.