वाचकांचे प्रश्न : शाळेच्या आवारातला खून

प्रश्न : ताई, मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. सुट्टीत आलेली नात तिचं 'ट्रूली डेव्हियस' हे इंग्रजी पुस्तक इथंच ठेवून गेली. सहज चाळायला घेतलं आणि रात्री जागून संपवलं. अमेरिकेतली डोंगरावरची निवासी शाळा, तिथं फार पूर्वी झालेलं अपहरण आणि आज त्याच आवारात एका विद्यार्थ्याचा मृत्यू. पण शेवटी गोष्ट अर्धवटच सोडलेली! फसवल्यासारखं वाटलं. आमच्या घरच्या म्हणतात, 'पोरासोरांचं पुस्तक, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?' पण मला ते मनापासून आवडलंय. पुढचे भाग घ्यावेत का? आणि या धर्तीचं आणखी काही सुचवाल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सर, घ्याच, आणि पुढचे दोन्ही भाग एकदमच घ्या. मॉरीन जॉन्सन यांनी ही एकच गोष्ट तीन पुस्तकांत सांगितली आहे. तुमच्याकडचं २०१८चं, 'द व्हॅनिशिंग स्टेअर' २०१९चं आणि 'द हँड ऑन द वॉल' २०२०चं. जुनं कोडं आणि नवं कोडं, दोन्हींची पूर्ण उकल तिसऱ्यात होते. तोवर धीर धरायचा. त्यानंतरही यातल्या तपास करणाऱ्या मुलीची, स्टीव्ही बेलची, पुस्तकं आली आहेत, पण ती स्वतंत्र प्रकरणं आहेत, त्यांची घाई नाही.

'पोरासोरांचं पुस्तक' हे मला मान्य नाही. स्टीव्ही बेल ही पिट्सबर्गची मुलगी. आईवडिलांना वाटतं, हिनं चारचौघींसारखं वागावं, नाचाच्या कार्यक्रमांना जावं. हिच्या डोक्यात मात्र एलिंगहॅम शाळेतलं ते जुनं अपहरण. व्हर्माँटमधल्या त्या शाळेत फी नाही आणि प्रवेशाचे ठरीव निकषही नाहीत. ती त्यांना लिहून कळवते की मला ते प्रकरण सोडवायचं आहे, आणि शाळा तिला घेते! सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा ध्यास कुणीतरी गंभीरपणे घेतला, या एका गोष्टीसाठी मी हे पुस्तक कुणाच्याही हातात देईन. तुम्ही जन्मभर वर्गावर उभे राहिलात, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. स्टीव्हीला मधूनच घाबरल्याचे झटके येतात, श्वास कोंडतो, औषध जवळ ठेवावं लागतं. लेखिकेनं त्याचा तमाशा केलेला नाही. झटका येतो, ओसरतो, मुलगी पुन्हा कामाला लागते.

आता १९३६मधलं ते अपहरण सांगणाऱ्या प्रकरणांकडे वळते, कारण पुस्तकाचा जीव तिथं आहे. उद्योगपती अल्बर्ट एलिंगहॅमची बायको आणि लहान मुलगी पळवली जातात, शाळेतली डॉटी नावाची हुशार मुलगी जिवाला मुकते, आणि मासिकांतली अक्षरं कापून चिकटवलेलं एक धमकीचं कवन मागे राहतं. हे वाचताना लिंडबर्ग प्रकरण डोळ्यांपुढे ठेवा. १९२७मध्ये एकट्यानं, न थांबता विमानातून अटलांटिक ओलांडणारा तो चार्ल्स लिंडबर्ग. १ मार्च १९३२च्या रात्री न्यू जर्सीतल्या होपवेलजवळच्या घरातून त्याचं वीस महिन्यांचं बाळ कुणीतरी शिडी लावून उचलून नेलं. ५० हजार डॉलर मोजले तरी बाळ परत आलं नाही. मे महिन्यात घरापासून जवळच त्याचा मृतदेह सापडला. त्या गुन्ह्यासाठी ब्रूनो हाउप्टमनला ३ एप्रिल १९३६ रोजी विजेच्या खुर्चीत देहदंड झाला. आणि कादंबरीतलं अपहरण कधी घडतं? त्याच एप्रिलमध्ये! मी हा योगायोग मानत नाही. कादंबरीतही एकाला दोषी ठरवतात आणि स्टीव्हीला ते पटत नाही. ती अगाथा ख्रिस्तीची भक्त आहे, आणि ख्रिस्तीबाईंनी लिंडबर्ग प्रकरणाचाच धागा १९३४च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'मध्ये घेतला होता. हे लक्षात ठेवून जुनी प्रकरणं पुन्हा वाचून पाहा, त्यांतले पोलिसी जबाब वेगळेच लागतात.

अशी पुस्तकं वाचताना मी एक कागद जवळ ठेवते. माणसांची नावं लक्षात राहतात, म्हणून त्यावर जागा लिहिते : बोगदा, मिनर्व्हा हाऊस, खोलगट बाग. मग कोण कुठं, कधी, कशासाठी गेलं ते पुढे. ती खोलगट बागच घ्या. तिथं पूर्वी तळं होतं. मुलगी तळाशी असेल या शंकेनं एलिंगहॅमनं ते उपसून कोरडं केलं. आजची मुलं तिथूनच ये-जा करतात. बापाचा आकांत त्या खड्ड्यात तसाच राहिलाय, लेखिकेला वेगळं वर्णन करावं लागत नाही. निवासी शाळेचा रहस्यकथेला हाच मोठा उपयोग. आवार ठरलेलं, माणसं मोजकी, घंटेप्रमाणे कोण कुठं असायला हवं ते सगळ्यांना ठाऊक. जो तिथं नव्हता, त्याला उत्तर द्यावं लागतं.

तुमच्यासाठी आणखी एक : ख्रिस्तीबाईंचं १९५९चं 'कॅट अमंग द पिजन्स'. मेडोबँक ही मुलींची नामांकित शाळा, क्रीडागृहात खेळाच्या बाईंचा खून. ख्रिस्तीबाईंचा गुप्तहेर पॉयरो फार उशिरा येतो, तोही एक विद्यार्थिनी आपणहून त्याच्याकडे जाते म्हणून. पण तुम्ही मुख्याध्यापिका मिस बुलस्ट्रोडकडे लक्ष द्या. निवृत्त व्हावं का आणि आपण उभी केलेली शाळा कुणाच्या हाती सोपवावी, हा तिचा विचार खुनाच्या बरोबरीनं चालतो. तो भाग तुम्हाला माझ्याहून जास्त कळेल.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची. मैत्रिणींकडून ऐकून तिलाही बोर्डिंग स्कूलमधली खुनाची गोष्ट वाचायची आहे. वाचू द्यावी का?
— एक आई, नाशिक

उत्तर : जरूर द्या, पण वरचं 'ट्रूली डेव्हियस' दोन-तीन वर्षांनी. आत्ता रॉबिन स्टीव्हन्स यांचं 'मर्डर मोस्ट अनलेडीलाइक' (२०१४) आणा. काळ १९३४, इंग्लंडमधली डीपडीन ही मुलींची शाळा. हाँगकाँगहून आलेल्या हेझल वाँगला व्यायामशाळेत विज्ञानाच्या बाईंचा मृतदेह दिसतो. ती मैत्रिणीला, डेझीला घेऊन परत येते तर तिथं काहीच नाही! मोठ्यांना सांगायचं तर पुरावा कुठाय? मग दोघी मधल्या सुट्टीत बन खाताखाता शिक्षिकांच्या वेळा जुळवत बसतात. रक्तपाताची वर्णनं अंगावर येत नाहीत. परक्या देशातल्या शाळेत हेझलला आपलं वेगळेपण कसं टोचतं, तेही यात नीट आलंय. त्याबद्दल लेक आपणहून काही विचारेल, तेव्हा निवांत बोला. मात्र खुनी कोण, हे तिच्या आधी वाचून तुम्ही फोडू नका.