कुत्र्यांच्या खाद्याची कंपनी काढणाऱ्या माणसाचं आयुष्य प्रत्यक्षात कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या पॉल आयम्स यांनी काढलेली कुत्र्यांच्या खाद्याची कंपनी केवढ्या मोठ्या आकड्याला विकली गेली ते वाचल्यापासून साताऱ्यात कुत्र्यांच्या खाद्याचा कारखाना टाकायचं डोक्यात आहे, आणि अशा माणसाचे दिवस खरोखर कसे जातात ते जाणून घ्यायचंय. मी आठ वर्षं सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत हेच करतोय, म्हणून उत्तर देतो.

आधी आयम्स. जनावरांच्या आहाराचा हा जाणकार माणूस. १९४६ साली त्यांनी ओहायोत, डेटनजवळ स्वतःची कंपनी काढली. तिकडे फरसाठी मिंक नावाचा मुंगसासारखा प्राणी पाळतात. फर दाट यावी म्हणून त्याला भरपूर प्रथिनांचं खाद्य देतात. अशा फार्मवरची कुत्रीही तेच खात होती आणि त्यांचे केस चमकत होते. आयम्स यांच्या नजरेत ते भरलं. मांसातल्या प्रथिनांवर भर देणारं कुत्र्याचं खाद्य त्यांनी त्यातून घडवलं.

मला ही गोष्ट लगेच पटली, कारण मी जत तालुक्यातला, मेंढरं आणि कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्यांत वाढलेला. आमच्याकडे सगळे म्हणतात, आमची कुत्री भाकरी-ताकावरच जगली. ते अर्धंच खरं आहे. मेंढी व्याली की पडणारी वार कुत्र्याला, मेलेलं कोकरू कुत्र्याला, शिवारातला ससा त्याचा त्यानं धरलेला. हे कुणी मोजत नाही. कुत्र्याला भाकरी पचते, यात शंका नाही. स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती त्याच्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, हे २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. पण पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं. अपार्टमेंटमधल्या कुत्र्याला ना वार मिळते ना ससा, नुसता दूधभात मिळतो.

स्वतःचा कारखाना काढण्याआधी अकरा वर्षं मी कोंबडीखाद्याच्या कारखान्यात होतो. मका, कणी, सोयापेंड यांची पारख तिथं झाली. तरी पहिल्या पावसाळ्यात चूक केलीच. आपल्या मालात चिकन मील (कोंबडीच्या मांसाची सुकी भुकटी), सोयापेंड आणि धान्य दळून मिसळायचं, वाफ देऊन एक्सट्रूडरमधून, म्हणजे दाबाखाली दाणे पाडणाऱ्या मशीनमधून काढायचं. तिच्या तोंडाच्या भोकांतून (डायमधून) बाहेर पडताना दाब सुटतो आणि दाणा फुगतो. मग ड्रायरमध्ये ओलावा १० टक्क्यांच्या आत आणायचा, वरून चरबी फवारायची आणि पूर्ण गार झाल्यावरच पिशवी शिवायची. ऑर्डरची घाई होती, मी दाणा कोमट असतानाच भरला. पिशवीच्या आत पाणी सुटलं. पंधरा दिवसांत मिरजेच्या दुकानदाराचा फोन आला की पांढरी बुरशी दिसतेय. एकशे तीस पिशव्या परत आणून खड्ड्यात पुरल्या. एकाही कुत्र्याला काही झालं नाही, पण त्या रात्री मी झोपलो नाही. काही बुरशी जे विष सोडते ते कुत्र्याचं यकृत निकामी करतं, आणि पोट दुखतंय हे कुत्रं सांगू शकत नाही.

तसंच बेदाण्याचं. तासगावच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्यानं हलका बेदाणा फार स्वस्तात देऊ केला होता, गोडीमुळं कुत्री आवडीनं खातील म्हणून. भल्यासाठीच सांगत होता बिचारा. द्राक्ष आणि बेदाण्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, हे त्याला ठाऊक नव्हतं. सांगलीत घरोघरी बेदाणा असतो, म्हणून मी हे भेटेल त्या कुत्रेवाल्याला सांगतो.

आता जे तुम्हाला खरं विचारायचंय ते. १९७३ मध्ये अमेरिकेत मांस-हाडांच्या भुकटीचा भाव जवळपास तिप्पट झाला, आणि त्याच काळात निक्सन सरकारचं किमतींवर नियंत्रण होतं. घेताना महाग, विकताना भाव वाढवायची सोय नाही. आयम्स यांनी खाद्यातलं काही कमी केलं नाही. कंपनी बुडायच्या बेताला आली. १९७० मध्ये कंपनीत आलेल्या क्ले मथिल यांनी पुढं अर्धी आणि १९८२ मध्ये उरलेली कंपनी विकत घेतली. १९९९ मध्ये ती प्रॉक्टर अँड गॅम्बलला २३० कोटी डॉलरना गेली. म्हणजे तुम्ही वाचलेला तो मोठा आकडा संस्थापकाला मिळाला नाही. तो बाहेर पडून तेव्हा सतरा वर्षं झाली होती.

माझं १९७३ म्हणजे २०२१. त्या उन्हाळ्यात सोयापेंड दुपटीच्या घरात गेली. एक जण पांढरी पावडर घेऊन आला, म्हणाला थोडी टाका, लॅबमध्ये प्रोटीन भरपूर दिसेल. ती कशाची होती मला माहीत नाही, पण २००७ साली अमेरिकेत काय झालं ते माहीत होतं. नेहमीची चाचणी प्रथिनं मोजत नाही, नायट्रोजन मोजते. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या प्रथिनात, मेलामाइन हे नायट्रोजन भरपूर असलेलं रसायन मिसळून तो आकडा फुगवला होता, आणि कितीतरी कुत्री-मांजरं किडनी जाऊन मेली. मी त्या माणसाला चहा पाजला आणि परत पाठवलं.

मग आठवड्यात तीनच दिवस मशीन चालवली. किलोला चौदा रुपये वाढवले, तर चाळीस कुत्री पाळणारं एक केनेल माझं खाद्य सोडून गेलं. सात महिने घरी पगार नेला नाही. मेहुण्यांनी हातउसने दिले म्हणून मुलीची फी भरली. ऑगस्टमध्ये सरकारनं १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, पुढं नवं सोयाबीन बाजारात आलं, आणि भाव उतरला. केनेल अजून परत आलेलं नाही.

कराचंही हिशेबात धरा. जनावरांच्या खाद्याला जीएसटी नाही, कुत्र्या-मांजराच्या पॅकबंद खाद्याला १८ टक्के आहे. बरेच जण दोन्ही एकच समजून गणित मांडतात आणि तिथंच अडकतात.

साताऱ्यात सुरू करायचंच असेल तर मशीन बघायच्या आधी ओलावा मोजायचं यंत्र घ्या आणि सहा महिने कुठल्याही खाद्याच्या कारखान्यात काम करा. प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका वेळी निघालेल्या मालाची, एक पिशवी तारीख टाकून बाजूला ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. माझ्याकडे २०२१ च्या जुलैमधली एक पिशवी अजून आहे. कधी कुपवाडला आलात तर दाखवीन.